परवान्याआधी पाळणा

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या एका मुलीला तेथील सेविकेने मारहाण केली, लाथाडले. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य महाराष्ट्रातील घराघरांत पाहिले गेले आणि ज्यांची मुले दुसऱ्याच्या हाती सोपवलेली होती, अशा आईबापांच्या काळजाचे पाणी झाले. तेव्हापासून आपल्याकडे एक मागणी सातत्याने होत आली आहे. मुले सांभाळणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा करा. परवाना नसेल ते पाळणाघर बंद करा. खाजगी पाळणाघरांसाठी नियमावली आणण्याची घोषणा त्या वेळी राज्य शासनानेही केली होती. पुढे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान दर्जाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानंतरही कोठे काही अघटित घडले की सभांतून, वृत्तपत्रांतून आणि चर्चच्या आवारातील गप्पांतूनही हाच सूर उमटतो : परवाना, परवाना आणि परवाना.

या मागणीमागची कळकळ मला मान्य आहे. मूल स्वतःची कैफियत मांडू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायद्याने बोलले पाहिजे, हेही मान्य आहे. तरीसुद्धा ही मागणी आज ज्या सरसकट स्वरूपात मांडली जाते, त्या स्वरूपाला माझा विरोध आहे. आणि तो मी लाखांदूरहून नोंदवीत आहे.

वाचकांपैकी पुष्कळांनी लाखांदूरचे नावही ऐकले नसेल. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी हा दक्षिण टोकाचा तालुका. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांचा हा प्रदेश; पलीकडे गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे. आमच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि येथील जीवन धानाभोवती फिरते. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकायचे आणि आषाढ-श्रावणात रोवणी करायची. रोवणी हे प्रामुख्याने बायकांचे काम. सकाळी बायकांची टोळी बांधीत उतरते ती दिवस कलला की बाहेर येते. दिवसभर कमरेत वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, डोक्यावर पाऊस झेलीत एकेक रोप लावायचे. रोवणीचे दिवस हातचे गेले तर वर्षाचे पीक गेले. त्यामुळे घरात सहा महिन्यांचे बाळ आहे म्हणून कोणतीही बाई घरी बसू शकत नाही.

मग बाळाचे काय होते? याला तीनच उत्तरे आहेत. पहिले, बाळ आईबरोबर शेतावर जाते. तेथे धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली जाते. पाऊस, विंचूकाटा, साप आणि चारी बाजूंनी तुंबलेले पाणी यांच्या मधोमध ते झोपते. दुसरे, थोरली बहीण शाळा बुडवून घरी राहते. आठ-नऊ वर्षांची ती मुलगी कडेवर भाऊ घेऊन आषाढ-श्रावण काढते. शाळेचा हजेरीपट रिकामा राहतो आणि पुढे तीच मुलगी ‘अभ्यासात कच्ची’ ठरते. तिसरे उत्तर म्हणजे शेजारची आजी. जिची कंबर आता रोवणीला वाकत नाही अशी एखादी म्हातारी किंवा दुसरे काम झेपत नाही अशी एखादी विधवा आपल्या ओसरीवर पाच-सात मुले घेऊन बसते. त्यांना पेज भरवते, झोपवते, पडले-धडपडले तर उचलून घेते. मोबदला कधी थोडे पैसे, कधी हंगामानंतर पायलीभर तांदूळ, कधी नुसती आठवण. तिच्या ओसरीला पाळणाघर म्हटले तर तिला हसू येईल. परंतु नियमावली करणाऱ्याच्या दृष्टीने ते पाळणाघरच आहे, आणि तेही विनापरवाना!

अशाच एका आजींना मी परवान्याविषयी सांगून पाहिले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितले आणि विचारले, “लेकरू सांभाळाले कागद कायले पायजे, बाई?” या प्रश्नावर हसणे सोपे आहे. शहाण्यासुरत्या माणसाला त्याचे उत्तर देणे मात्र जड जाते.

आता परवान्यासाठी काय काय लागते ते पाहावे. पक्की इमारत हवी, दर मुलामागे ठरावीक जागा हवी, वेगळे स्वच्छतागृह हवे, अग्निशमनाची साधने हवीत, कॅमेरे हवेत, शिक्षित आणि प्रशिक्षित सेविका हवी, पोलिसांचा दाखला हवा, अर्ज हवा, शुल्क हवे, नूतनीकरण हवे. शहरातील एखाद्या इमारतीत भरपूर फी घेऊन चालणाऱ्या संस्थेकडून यांतील प्रत्येक गोष्ट मागावी. किंबहुना ती मागितलीच पाहिजे. परंतु हीच यादी ओसरीवरच्या आजीपुढे ठेवली तर ती काय करील? ती मोर्चा काढणार नाही, न्यायालयात जाणार नाही, वृत्तपत्राला पत्रही लिहिणार नाही. ती उद्यापासून मुलांना घेणार नाही, एवढेच होईल. तिचे बंद झालेले दार कोणत्याही अहवालात दिसणार नाही. कार्यालयातील कागदावर तालुका निर्दोष होईल, आणि बाळ धुऱ्यावर जाईल किंवा त्याची बहीण शाळेबाहेर पडेल. मुलाच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने मुलालाच उघड्यावर आणले, असे होणार असेल तर त्या नियमाला संरक्षण कसे म्हणावे?

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘म्हणजे गरिबांच्या मुलांना हलक्या दर्जाची सुरक्षा चालेल, असे तुमचे म्हणणे काय? शहरातल्या मुलाला कॅमेरा आणि खेड्यातल्याला राम भरोसे?’ मुळीच नाही. माझे म्हणणे असे की इमारतीविषयीचे नियम वेगळे आणि मुलाविषयीचे नियम वेगळे. मुलाला मारायचे नाही. रडते म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यायचे नाही. एका स्त्रीने झेपतील तेवढीच मुले घ्यायची. विहीर, हौद आणि चूल यांच्यापासून मुलांना दूर ठेवायचे. अनोळखी माणसाच्या हाती मूल द्यायचे नाही. ताप आला, हगवण लागली तर काय करायचे हे तिला ठाऊक असायचे. हे नियम खारघरला जितके लागू तितकेच लाखांदूरला, आणि त्यांत तसूभरही सवलत नको. पण यांतील एकाही नियमासाठी काँक्रीटचे छत लागत नाही. लागते ते शिकवणे, विचारपूस करणारे माणूस आणि सांभाळणारीच्या हाती चार पैसे. परवान्याची भाषा बोलणारे नेमके यांविषयीच मौन बाळगतात, कारण परवाना देताना शासनाला शुल्क मिळते आणि पाळणा चालवताना शासनाला खर्च करावा लागतो.

शिवाय कॅमेऱ्यावर आणि शिक्क्यावर इतका विश्वास ठेवणाऱ्यांनी दोन घटना आठवाव्यात. खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होता. त्याने पुरावा दिला हे खरे; पण लाथ अडवली नाही. दुसरी घटना आमच्या जिल्ह्यातील आहे, आणि ती लिहिताना आजही हात थबकतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा अर्भकांचा मृत्यू झाला. ती बालके कोणा अडाणी बाईच्या ओसरीवर नव्हती. ती शासनाच्या स्वतःच्या इमारतीत, शासनाच्या देखरेखीखाली होती. राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले ते त्यानंतर. या घटनेवरून नियम निरुपयोगी असतात असा निष्कर्ष मी काढीत नाही. उलट, नियम पाळले गेलेच पाहिजेत, हेच ती घटना ओरडून सांगते. मात्र ज्याला स्वतःच्या छताखालील पाळणे सांभाळता आले नाहीत, त्याने दुसऱ्याच्या ओसरीवर तपासनीस पाठवण्याआधी थोडे नम्र व्हावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

कायद्याने पाळणाघर आणण्याचा आपला इतिहासही तपासून पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली गेली. १९६६ च्या विडी व सिगार कामगारांच्या कायद्यातही पाळणाघराची तरतूद झाली. आमच्या भंडारा-गोंदिया भागाने विडीचा धंदा जवळून पाहिला आहे. विड्या वळणारी बाई बहुतांशी स्वतःच्या घरी बसून वळत राहिली. तंबाखू आणि पाने घरी न्यायची, विड्या नेऊन द्यायच्या. ती कारखान्यात नव्हती, म्हणून कारखान्याचे पाळणाघर तिच्यासाठी नव्हते. तिचे मूल तंबाखूच्या सुपाशेजारीच वाढले. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ मधील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. रोवणीच्या टोळीला आस्थापना कोण म्हणणार? २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट लिहिले होते की कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यापैकी एका स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला मजुरी द्यावी. या तरतुदीत पक्क्या भिंतीची अट नव्हती. सांभाळ हेही काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे साधे सत्य तिच्यात होते. रस्त्याच्या किंवा तळ्याच्या कामावर अशी सांभाळणारी बाई आपण कितीदा पाहिली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

‘अंगणवाडी आहे ना!’ असे कोणी म्हणेल. अंगणवाडी आहे, आणि तिची सेविका तुटपुंज्या मानधनावर जे काम करते त्याला माझा नमस्कार आहे. परंतु अंगणवाडी काही तासांची असते, रोवणी दिवसभराची. अंगणवाडीत बसते ते तीन वर्षांपुढचे मूल; तीन वर्षांखालच्या बाळासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, मांडी मिळत नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना केंद्राने २०२२ पासून हाती घेतली आहे. ती योजना स्तुत्य आहे. पण ती प्रत्येक गावातील अंगणवाडीपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणजे सोय अपुरी असताना सक्ती मात्र पूर्ण हवी, असा हा उलटा न्याय झाला.

अंगणवाडी या शब्दाचा जन्मच आपल्याला काही शिकवतो. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा या बाईंनी पालकांवर दंड बसवला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात! आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेत हे उत्तर लिहून ठेवलेले असताना आपण परवान्याच्या अर्जाचे नमुने कशाला छापत बसावे?

बाहेरही हेच दिसते. बांगलादेश हा पाण्याचा देश, आणि तेथे लहान मुले बुडून मरण्याचे प्रमाण फार मोठे. ‘आंचल’ या नावाने तेथे एक साधी व्यवस्था उभी राहिली. गावातीलच एका स्त्रीच्या घरी एक ते पाच वर्षांची पंचवीसेक मुले सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत ठेवायची, म्हणजे आई कामात गुंतलेली असते आणि मूल पाण्याकडे जाते नेमकी ती वेळ. त्या स्त्रीला प्रशिक्षण द्यायचे, मानधन द्यायचे, तिच्याकडे नियमित फेरी मारायची. अशा मुलांमधील बुडून होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटल्याचे अभ्यासात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या आपल्या अहवालात अशा सांभाळाची शिफारस केली आणि २०२२ मध्ये बांगलादेश सरकारने अशी आठ हजार केंद्रे मंजूर केली. आमचा भंडारा तर तलावांचा जिल्हा! येथील ओसरीवरची आजी रोज किती मुलांना तळ्याच्या काठापासून परत आणते, याची मोजदाद कोणी केली आहे काय? शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावातील स्त्रियांच्या हातीच ‘फुलवारी’ सोपवली. कर्नाटकाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, उघडण्याचे जाहीर केले. या सर्व ठिकाणी आधी सांभाळणारी शोधली, तिला आधार दिला आणि मग तिच्याकडून दर्जा मागितला.

आपल्या धर्मसभेच्या सामाजिक शिकवणीतही या विचाराला जुना आधार आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात मांडले की लहान समूहाला जे स्वतःच्या बळावर करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्या सत्तेचे काम त्याला साहाय्य करण्याचे आहे. लाखांदूरच्या वस्तीने आपली लेकरे सांभाळण्याची रीत स्वतः शोधली आहे. ती अपुरी आहे, कधी धोक्याचीही आहे. तिला साहाय्य हवे, टाळे नको.

मग नेमके काय करावे? पहिले, परवाना आणि नोंद यांत फरक करावा. फी घेऊन व्यवसाय म्हणून चालणाऱ्या मोठ्या पाळणाघरांना कडक परवाना आणि खरीखुरी तपासणी असावी. घरी मोजकी मुले सांभाळणाऱ्या स्त्रीची ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत फक्त नोंद व्हावी, तीही विनाशुल्क आणि एका कागदावर. दुसरे, पोलिसांची पडताळणी आवश्यक असेल तर ती शासनाने आपल्या खर्चाने तिच्या दारी येऊन करावी. तिसरे, रोवणीच्या आधी, ज्येष्ठ महिन्यात, प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा सर्व स्त्रियांना दोन दिवस बोलवावे आणि सर्पदंश, बुडणे, भाजणे, हगवण यांवेळी काय करायचे ते शिकवावे. त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी. चौथे, ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून रोवणी आणि कापणीच्या हंगामात सांभाळणारीला मानधन आणि मुलांना एक वेळचे ताजे अन्न देता येईल. आणि तपासनीस जेव्हा तिच्या दारी जाईल तेव्हा त्याच्या हातात दंडाच्या पावत्या नसाव्यात. औषधांची पेटी आणि पाण्याच्या हौदाला झाकण असावे. एवढे देऊनही जी स्त्री मुलाला मारील किंवा उपाशी ठेवील, तिच्यावर खुशाल खटला भरावा. त्या दिवशी मी परवानावाल्यांच्या बाजूने उभी राहीन.

शेवटी, वाचकहो, बोट केवळ शासनाकडे दाखवून मला थांबता येत नाही. मुंबई-वसई-पुणे-नागपूरच्या आपल्या धर्मग्रामांत अशी कितीतरी घरे आहेत जेथे आईवडील दोघेही सकाळी कामाला बाहेर पडतात आणि मूल एखाद्या मावशीच्या हवाली होते. पुष्कळदा ती मावशी आपल्याच धर्मग्रामातील एखादी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री असते. तिने शंभर रुपये वाढवून मागितले की आपण घासाघीस करतो. ती आजारी पडली की आपण वैतागतो. आणि सभेत उभे राहिलो की तिला परवाना सक्तीचा करा म्हणतो. आपल्या लेकराचा दिवस जिच्या मांडीवर जातो तिच्या म्हातारपणाची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

आणि आपली सभागृहे? चर्चला लागून असलेली पक्की, पंखे आणि नळ असलेली ती दालने कितीतरी ठिकाणी रविवार आणि लग्नसमारंभ सोडले तर कुलपात असतात. नियमावली जे जे मागते ते बहुतेक सारे तेथे तयार आहे. प्रभूने बालकांना शिष्यांच्या विरोधाला न जुमानता जवळ घेतले, हे आपण लेकरांना दर वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. मग त्या दालनाची किल्ली आठवड्यातून सहा दिवस एखाद्या मावशीच्या हाती देऊन, धर्मग्राम परिषदेने तिच्या मानधनाची जबाबदारी का घेऊ नये? पुढच्या परिषदेच्या बैठकीत प्रत्येक वाचकाने हा एक प्रश्न विचारावा. बैठकीच्या इतिवृत्तात त्याचे उत्तर लिहून घ्यावे.

आमच्याकडे पुढच्या आषाढात पुन्हा रोवणी लागेल. टोळ्या बांधीत उतरतील आणि ओसरीवरच्या आजी दार उघडतील. त्यांच्या दाराशी पहिल्यांदा कोण पोहोचते, औषधाची पेटी घेऊन आलेली परिचारिका की नोटीस घेऊन आलेला शिपाई, यावरून आपल्या नियमावलीची परीक्षा व्हावी.